चांदीचं डुक्कर

नमस्कार श्रोतेहो.

अथेन्सची अँब्रोसिया एका डोळ्यानं आंधळी. ग्रीसमधल्या एपिडॉरसला, अस्क्लेपिअस या आरोग्यदेवाच्या ठाण्यावर ती आली खरी, पण तिथं कुणाकुणाला गुण आला ते कळल्यावर तिला हसूच फुटलं. नुसत्या स्वप्नानं लंगडा कसा चालेल? रात्री ती देवळात निजली. स्वप्नात देव म्हणाला, "बरी करतो. पण तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं." मग त्यानं तिचा डोळा चिरला, आत औषध ओतलं. सकाळी तिला दिसू लागलं.

इसवी सनपूर्व चौथ्या शतकात तिथल्या शिळांवर अशा सुमारे ७० कहाण्या कोरल्या गेल्या. देवस्थानानंच कोरून घेतलेल्या, तेव्हा अपयश त्यांत कुठून सापडणार! मला गंमत वाटते ती देवाच्या वागण्याची. तो चक्क वैद्यासारखा चिरफाड करतो, औषध घालतो.

आणि वैद्य? प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावानं ओळखली जाणारी वैद्यांची शपथ सुरू होते अपोलो आणि अस्क्लेपिअस या देवांना साक्षी ठेवून. त्याच परंपरेतला एक ग्रंथ फेफऱ्यावर आहे. तेव्हा त्याला 'पवित्र रोग' म्हणत. रोगी बोकडासारखा ओरडला तर देवमातेचा कोप, घोड्यासारखा किंचाळला तर समुद्रदेव पोसायडनचा, असं मांत्रिक सांगत. ग्रंथकार त्यांच्यावर खवळतो. म्हणतो, हा रोग शेळ्यांनाही होतो. अशा शेळीचं डोकं फोडून पाहा, मेंदू ओला आणि दुर्गंधी निघेल. म्हणजे पीडा देवाची नव्हे, रोगाची. पण देव नाहीत असं तो कुठंच म्हणत नाही. उलट, देवावर असला आळ घेणं हेच त्याला पाप वाटतं.

पुढं पाचशेहून अधिक वर्षांनी गेलन हा नामांकित वैद्य स्वतःच लिहितो, की पोटातल्या दुखण्यावर त्यानं उजव्या हाताच्या अंगठ्याजवळची धमनी उघडली, ती स्वप्नात तसं सुचवलं गेलं म्हणून!

पण त्या शिळांवरचा माझा लाडका रोगी म्हणजे एपिडॉरसचाच युफानीस. लहान पोर, मुतखड्यानं बेजार. स्वप्नात देवानं विचारलं, "बरं केलं तर काय देशील?" पोरगं म्हणालं, "दहा सागरगोटे." म्हणजे खेळायची मेंढीची हाडं. देव हसला, म्हणाला, "करतो बरं." उजाडल्यावर पोर ठणठणीत होऊन बाहेर आलं.

सागरगोटे त्यानं खरंच दिले का, ते मात्र शिळेवर नाही.