लिंबूटिंबू किती दिवस?

नमस्कार मंडळी. लहानपणी गल्लीत खेळताना कुणाचातरी धाकटा भाऊ मधेच घुसायचा, आठवतंय? मोठी पोरं म्हणायची, हा लिंबूटिंबू. म्हणजे तो खेळणार, पळणार, पण आऊट होणार नाही, त्याच्यावर राज्य येणार नाही. एकासाठी नियम जरा सैल केला तरी खेळ मोडत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ऑटिझम असलेल्या मुलांबद्दल बोलायचं म्हटलं की मला आधी हेच आठवतं.

माझा भाचा आता आठ वर्षांचा आहे. चार वर्षांचा होता तेव्हा छोट्या गाड्या घेऊन फरशीच्या रेघेवर ओळीत लावत बसायचा, तासन् तास, आणि आम्ही सगळे शहाणे, अरे अशी नाही, अशी चालव, ढुर्र कर, म्हणत गाडी त्याच्या हातातून घ्यायचो आणि तो किंचाळायचा. मग थेरपीच्या ताई म्हणाल्या, शेजारी जमिनीवर बसा, आपल्या वेगळ्या गाड्या घ्या, आणि तो करतो तेच करा, गप्प राहून. मनात म्हटलं, ह्याचे पैसे घेतात? पण चार-पाच दिवसांनी त्याने माझ्या ओळीकडे बघितलं आणि त्यातली एक गाडी सरळ केली, वाकडी लागली होती म्हणून. कुणी माझी चूक काढली म्हणून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता!

दोघं मिळून एकाच गोष्टीकडे बघतोय हे दोघांनाही कळणं, बोलण्या-मिसळण्याचा पाया तिथेच पडतो. त्यानंतर माझी गाडी, मग तुझी गाडी, असा टर्न आला. माझ्या डोळ्यांत बघ म्हणून मागे लागायची गरज नाही, बऱ्याच मुलांना त्याचा त्रासच होतो.

अमेरिकेत डॅनियल लेगॉफ नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या वेटिंग रूममध्ये दोन मुलं आपापले लेगो घेऊन आली आणि चक्क एकमेकांशी बोलायला लागली. त्यातून त्यांनी एक पद्धत बसवली, 2004 साली त्यावर पेपरही आला. तीन मुलं, एक इंजिनियर, तो चित्र बघून सांगणार, दुसरा ठोकळे शोधून देणार, तिसरा जोडणार. आता बोलल्याशिवाय घर उभंच राहत नाही ना, म्हणून बोलणं होतं. ठोकळे कुठल्याही कंपनीचे चालतील, आणि आपली भातुकली काय वेगळी आहे? एक भाजी आणणार, एक चिरणार, एक वाढणार.

गल्लीतले खेळ मात्र बघून निवडा. लपंडावात समोरच्याला मी दिसतोय की नाही ह्याचा अंदाज घ्यावा लागतो, बऱ्याच मुलांना ते अवघड जातं. शिवाशिवीत अचानक पाठीवर थाप पडते, ती सहन होत नाही. स्टॅच्यू बरा, हात लावायचा नाही, नियम एकच आणि स्पष्ट.

आणि शिकायचं काय फक्त त्यानेच? डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक, 2012 मध्ये त्यांनी मांडलं की गोंधळ दोन्हीकडून असतो, त्यांना आपण कळत नाही तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. म्हणून मी बिल्डिंगमधल्या पोरांना एवढंच सांगितलं, त्याला खेळ आधी एकदा खेळून दाखवा, आणि तो कानावर हात ठेवून बाजूला गेला तर ओढू नका, येईल परत.

वर्षभर तो त्यांचा लिंबूटिंबू होता. सुरुवातीला ठीक, पण कायमचं लिंबूटिंबू राहणं कुणाला आवडेल? ह्या मे महिन्यात एका संध्याकाळी तोच म्हणाला, माझ्यावर राज्य. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आणि राज्य घेतलं तेही असं कडक, की पापणी हलली तरी आऊट, पोरं भांडायला लागली, असं नसतं रे! मी जिन्यात उभी राहून हसत होते. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, मावशी, तू पण आऊट.