एकाच रानात तीन शिकारी

मंडळी, वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा, म्हणजे आपला कोळसुंदा, हे तिघेही मांसाहारी. चितळ तिघांनाही चालतं. कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात तर तिघे एकाच गाडीवाटेने जातात. आता १९३४ साली गॉस या रशियन शास्त्रज्ञाने काय दाखवलं होतं? पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकत्र वाढवल्या आणि अन्न एकच असलं, तर एक जात दुसरीला संपवते. मग वाघाने बाकीच्या दोघांना केव्हाच का हुसकावून लावलं नाही?

आधी कोण काय खातं ते बघू. ते कळतं विष्ठेतून. हसू नका, या विषयातला निम्मा अभ्यास तिथेच होतो! वाळलेली विष्ठा भिजवायची, चाळणीवर धुवायची. चाळणीत राहतात केस, हाडांचे तुकडे, खुरं. केस काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्याच्या गाभ्याची नक्षी दिसते. सांबराची वेगळी, रानडुकराची वेगळी. ती आधीच तयार करून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून बघायची. कंटाळवाणं काम आहे, पण त्यात एक गोम आहे. लहान प्राण्याच्या अंगावर वजनाच्या मानाने केस जास्त, म्हणून विष्ठेत त्याचा पुरावा जास्त सापडतो. नुसती मोजदाद केली तर वाटेल, की हा शिकारी सशांवरच जगतो. ते गणित दुरुस्त करूनच पुढे जावं लागतं.

उल्हास कारंत आणि मेल सनक्विस्ट या वन्यजीव अभ्यासकांनी नागरहोळेत हे काम केलं आणि १९९५ साली प्रसिद्ध केलं. वाघाच्या मुख्य सावजाचं सरासरी वजन निघालं सुमारे ९२ किलो, बिबट्याचं ३८ आणि रानकुत्र्यांचं ४३. वाघ गव्याच्या आणि सांबराच्या मागे, म्हणजे त्याची वाट वेगळी झाली. पण ३८ आणि ४३ मध्ये फरक तो काय? रानकुत्रा एकटा पंधरा-वीस किलोचा. कळपाच्या जोरावर तो बिबट्याएवढंच सावज पाडतो. म्हणजे या दोघांचं कोडं वजनाने सुटत नाही.

ते बरंचसं घड्याळाने सुटतं. रानकुत्री उजेडात धावून शिकार करतात. बिबट्या आणि वाघ प्रामुख्याने रात्री, दबा धरून. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, प्रत्येक फोटोवर वेळ छापलेली असते, त्यामुळे आज हे आलेख काढणं सोपं झालंय. आणि तिथेच लोक फसतात. आलेख बघून वाटतं, कालव्याच्या पाणीपाळ्यांसारख्या जंगलात पाळ्या ठरल्यात. तसं काही नसतं. दोघांची वेळ एक असली म्हणजे ते भेटतात असं नाही, आणि वेळ वेगळी असली म्हणजे एक दुसऱ्याला घाबरतो असंही नाही. कदाचित तो आपल्या सावजाची वेळ पाळत असेल. फोटो कारण सांगत नाही.

२०१७ साली कारंत आणि सहकाऱ्यांनी भद्रा, नागरहोळे, बंदीपूर आणि बिळिगिरीरंगन या कर्नाटकातल्या चार जंगलांतले कॅमेऱ्यांचे फोटो शेजारी मांडले. चारही ठिकाणी सावजाचं प्रमाण वेगळं, शिकाऱ्यांचंही वेगळं. तेच तीन प्राणी, पण एकमेकांना टाळण्याची रीत सगळीकडे सारखी निघाली नाही. कुठे वेळ, कुठे जागा. माझ्या मते नागरहोळेचा निष्कर्ष उचलून ताडोबाला चिकटवणाऱ्यांनी हा निबंध आधी वाचावा. नागरहोळेत तिघांचं जमलं त्यामागे मोठं कारण होतं ते भरपूर आणि वेगवेगळ्या आकाराच्या सावजाचं. गवा आणि सांबर काढून टाका, मग वाघ चितळावर उतरणारच.

आता सावज उरलेलंच नाही अशी जागा बघा, तीही आपल्याकडची. अकोल्याच्या खोऱ्यात, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. उसाचे फड, वस्त्या, चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांना तिथे दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ बिबटे आणि ५ तरस मिळाले. हा अभ्यास २०१३ साली आला. कॅमेऱ्यात कोल्हा, खोकड, रानमांजर, वाघाटीसुद्धा. वाघ नाही, रानकुत्रं नाही. बिबट्याच्या खाण्यात, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के पाळीव प्राणी, आणि त्यातही सगळ्यांत वरचा नंबर कुत्र्यांचा: ३९ टक्के. तरसाचा भर मेलेल्या जनावरांवर, त्यामुळे या दोघांत फारशी ओढाताण दिसत नाही.

इथे दिवस मात्र माणसाने घेतलाय. २०१८ साली जगभरच्या ६२ सस्तन जातींचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा दिसलं की माणसाची वर्दळ वाढली की प्राणी रात्रीकडे सरकतात. मग जंगलात दिवस-रात्र वाटून घेणाऱ्या प्राण्यांचं काय होईल? सगळ्यांनाच रात्र हवी झाली तर? वर्दळ वाढत चाललेल्या जंगलांत कॅमेरे लावून आता हेच बघायला हवं. चला, प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतला हात मघापासून वर आहे.