फिजिक्स घेऊन पुढे काय, आणि मधेच 981

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? विषय दिलाय 'बी.एस्सी. फिजिक्सनंतर पुढे काय', आणि समोर बघतो तर निम्म्या खुर्च्यांवर पालकच, म्हणजे प्रश्न काय येणार ते ठरलेलंच, 'सर, आमचो चलो फिजिक्स घेवन कितें करतलो?' सांगतो, सांगतो. आधी 981 चं काय ते बोलून घेतो, बरीच वर्षं पोटात आहे.

बारावी सायन्सच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून g किती विचारा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने पडणाऱ्या वस्तूचं त्वरण, 981 म्हणणार, सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग. आमच्याकडे एकदा प्रॅक्टिकल परीक्षेत एका मुलीला g मोजायचा केटरचा पेंड्युलम आला. हा प्रयोग म्हणजे माणसाच्या संयमाचीच परीक्षा, जड दांडा, ज्यांवर तो टेकवून झुलवायचा त्या दोन धारा म्हणजे नाइफ एज, वजनं इकडेतिकडे सरकवत बसायचं, दोन्ही बाजूंनी टाइम पिरियड, म्हणजे एका दोलनाचा वेळ, जवळजवळ सारखा येईपर्यंत, आणि वाऱ्याने दांडा हलू नये म्हणून पंखा बंद, तोही एप्रिलमध्ये. तिने निमूटपणे सगळं केलं, उत्तर आलं 978.6, पुढे एरर अधिक-उणे 1. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लाल पेनाने गोल मारला, म्हणाले 981 यायला पाहिजे, परत करा. शेजारच्या पोराचं 980.9. त्याची रीडिंग्ज उत्तरावरून मागे मागे जात बनवलेली, हे आंधळ्यालाही दिसलं असतं, एकही दोलन जादा-कमी नाही! त्याला भरघोस मार्क.

आता गंमत बघा. 981 हा काय देवाने दिलेला आकडा नाही. 980.665 ही 1901 साली ठरवून घेतलेली प्रमाण किंमत, साधारण 45 अक्षांशाजवळची, आपण तिला गोल करून 981 म्हणतो. पृथ्वी फिरते आणि कंबरेला फुगलेली आहे, त्यामुळे विषुववृत्तावर g 978.0 च्या आसपास आणि ध्रुवावर 983.2. आपलं गोवा 15 अक्षांशावर, समुद्राला लागून, हिशेब केला तर 978.4 येतं. म्हणजे बरोबर कोण होतं? (हसू नका, त्या मुलीचे मार्क काय परत आले नाहीत.) इथे जुळवलेला स्प्रिंगचा काटा अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री स्टेशनवर नेला तर 70 किलोचा माणूस तिथे 300 ग्रॅम जास्त भरेल. गोव्यात आपण वजनाने हलके, शीतकढीने ते कुठे कळू देत नाही ती गोष्ट वेगळी.

मला म्हणायचंय ते एवढंच की फिजिक्सच्या तीन-चार वर्षांत जे आलं ते एररसकट लिहायची सवय लागली, आणि पुस्तकाशी जुळलं नाही तर का नाही हे शोधायची, तर पुढे नोकरी कसलीही असो, ती सवयच कामाला येते. जर्नल कॉपी करून डिग्री मिळते, सवय नाही मिळत.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पटापट.

एम.एस्सी. करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्या, आयआयटीत त्यावर प्रवेश होतो. गोवा सोडायचं नसेल तर ताळगावच्या पठारावर आपलं विद्यापीठ आहेच. दोना पावलाला एन.आय.ओ., म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 साली स्थापन झालेली, भरती-ओहोटी, प्रवाह, लाटा हे सगळं फिजिक्सच. वास्कोत हेडलँड सड्यावरच्या संस्थेतून अंटार्क्टिकाच्या मोहिमा चालतात, तो 300 ग्रॅमवाला काटा तिकडे न्यायचा. ज्यांना संशोधन नको त्यांच्यासाठी एअर ट्रॅफिक कंट्रोल, फिजिक्स आणि मॅथ्स असलेली बी.एस्सी. चालते, इंजिनिअरिंगच हवं असं नाही, हे फार कमी पालकांना माहीत असतं. एम.एस्सी. नंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला तर कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट, रेडिएशनचा डोस बरोबर पोचतोय की नाही हे तोच बघतो, आणि तिथे उत्तरावरून रीडिंग बनवून चालत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूलही एम.एस्सी. फिजिक्सवाल्यांना घेतं.

पुण्याची खगोलशास्त्राची आयुका, मुंबईची मूलभूत संशोधनाची टी.आय.एफ.आर. राहिलंच. ते चहाच्या वेळी विचारा, आणि फॉर्मची शेवटची तारीख मला विचारू नका, वेबसाईटवर जाऊन स्वतः वाचा.