पाकिटातलं नाव

(दृश्य: भर उन्हात स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या मुली. प्रत्येकीच्या हातात बंद पाकीट.)

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं टस्कालूसा गाव. ऑगस्ट महिना. ब्रायंट-डेनी स्टेडियम एरवी फुटबॉलसाठी भरतं, पण आज इथे दोन हजारांच्या वर मुली बसल्यात. इशारा होतो, पाकिटं फुटतात, किंचाळ्या उठतात आणि सगळ्या धावत सुटतात, पांढऱ्या खांबांच्या मोठमोठ्या घरांकडे. पाकिटात ज्या घराचं नाव, त्या घराची ती मुलगी.

हा बिड डे, म्हणजे आमंत्रणाचा दिवस. 'घर' म्हणजे इथे सोरोरिटी, कॉलेजातल्या मुलींचा क्लब. आठवडाभराच्या भरतीनंतर कोणतं घर कोणाला घेतंय, ते आज कळतं. 2021 साली इथल्या मुली टिकटॉकवर आपले रोजचे कपडे दाखवू लागल्या आणि हा आठवडा जगभर पोचला. कपड्यांवर बोलून झालंय. आपण पाकिटाबद्दल बोलू. त्यात कोणतं नाव येणार, आणि कोणाच्या हाती पाकीटच येणार नाही, हे ठरवणारी पद्धत कुठून आली?

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, लांब झगे घातलेल्या विद्यार्थिनी.)

लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. 1874 मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठात गॅमा फाय बीटा ही संघटना निघाली. तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी तिच्यासाठी 'सोरोरिटी' हा शब्द घडवला. आपल्याकडच्या भगिनी मंडळाशी नाव जुळतं. बाकी फारसं काही नाही.

नव्या मुली मिळवायच्या या धावपळीला 'रश' म्हणत. एकोणिसाव्या शतकात कॉलेजातले असे क्लब बहुतेक शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे असत. मग चढाओढ लागली. दुसऱ्या क्लबाच्या आधी आपण गाठायचं म्हणून एक वर्ष अलीकडचे, मग आणखी अलीकडचे, असं करत करत काही क्लब कॉलेजात पाऊल न टाकलेल्या मुलांपर्यंत पोचले. याला आवर घालायला नियम लागले. सोरोरिटींची राष्ट्रीय परिषद 1902 मध्ये उभी राहिली. 1928 मध्ये पसंतीक्रमाची पद्धत आली. मुलींनी घरांची यादी द्यायची, घरांनी मुलींची, आणि मधल्या माणसाने जोड्या लावायच्या.

महाराष्ट्रात ज्यांनी इंजिनिअरिंगचा कॅप राउंड भोगलाय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की इथे गुणवत्ता यादी लागत नाही. घरात मतदान होतं, ते बंद दाराआड. का नाकारलं, हे मुलीला कोणी सांगत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनाही याचं कुतूहल वाटलं. 1991 मध्ये सुझन माँगेल आणि ॲल्विन रॉथ यांनी या जोड्या लावण्यावर शोधनिबंध लिहिला. रॉथना पुढे 2012 मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी पाहिलं, की कागदावर ही पद्धत डळमळीत आहे, पण प्रत्यक्षात टिकते. कारण पुष्कळ मुली यादीत एकच नाव लिहितात. हेच घर, नाहीतर काही नको. नियमांपेक्षा मुलींच्या हट्टानेच गाडी रुळावर राहिली होती म्हणायची.

(दृश्य: एका घराचं दार उघडतं. आत टाळ्या, गाणी.)

आज प्रत्येक कॉलेजला ठरवावं लागतं, की भरती कोणत्या पद्धतीने करायची. पूर्ण आखीव पद्धतीत मुलगी पहिल्या फेरीत सगळ्या घरांना भेटते, मग फेरीगणिक घरं कमी होत जातात आणि शेवटी एकदोन उरतात. प्रत्येक घराने किती घ्यायच्या याचा कोटा असतो. लोकप्रिय घरांना जास्त मुली लवकर सोडाव्या लागतात, म्हणजे कोणाला शेवटपर्यंत उगीच आशेवर ठेवलं जात नाही.

जिथे दोनतीनच सोरोरिटी आहेत आणि मुलीही मोजक्या, तिथे एवढा थाट कशाला? अशा ठिकाणी भरती वर्षभर चालू ठेवतात. कँटीनमध्ये ओळख होते, कॉफी होते, एखाद्या साध्या मंगळवारी आमंत्रण हातात पडतं. डार्टमथसारखी विद्यापीठं तर पहिल्या वर्षाला दारातच उभं करत नाहीत. आधी कॉलेज बघा, मग घरं.

मोकळी पद्धत ऐकायला बरी वाटते. मलाही वाटली होती. पण तिला ओळख लागते. बुजऱ्या, परगावच्या मुलीला कॉफीला कोण बोलावणार? आखीव पद्धतीत निदान प्रत्येक दार एकदा तरी उघडतं.

उघडतं, पण पुढे?

(दृश्य: फॉस्टर ऑडिटोरियमची इमारत.)

11 जून 1963. अलाबामा विद्यापीठाच्या याच दारात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला उभे राहिले होते. त्यानंतर पन्नास वर्षांनी, सप्टेंबर 2013 मध्ये, 'क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने छापलं, की उत्तम गुणांची एक कृष्णवर्णीय मुलगी भरतीत सहभागी झाली आणि सोळाच्या सोळा घरांनी तिला नाकारलं. काही सदस्य मुली नाव लपवून, तर एखादी नाव देऊन बोलली: आम्हाला ती हवी होती, माजी सदस्यांनी मतदानाआधीच तिचं नाव काढायला लावलं. आखीव पद्धत इथे चोख पार पडली होती. फेऱ्या झाल्या, वेळापत्रक पाळलं, पाकिटं वाटली.

विद्यापीठाच्या तेव्हाच्या अध्यक्ष ज्युडी बॉनर यांनी काय केलं? पद्धत बदलली. वर्षभर चालणारी खुली भरती सर्व घरांना लागू केली. पण खुल्या भरतीचा नियम असा, की घरात जागा असेल तरच ती करता येते, आणि नावाजलेली घरं तर ऑगस्टमध्येच भरलेली. म्हणून सदस्यसंख्येची मर्यादा वाढवून 360 केली. आता 'जागा नाही' म्हणायची सोय राहिली नाही. काही दिवसांत नवी आमंत्रणं गेली आणि काही कृष्णवर्णीय मुलींनी ती स्वीकारली.

(दृश्य: संध्याकाळ. एका वर्गात खुर्च्या गोल मांडलेल्या.)

ज्यांना पांढऱ्या खांबांची वाट बघायची नव्हती, त्यांनी आपली घरं वेगळी काढली. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात (हार्वर्ड नव्हे) 1908 मध्ये अल्फा कॅपा अल्फा स्थापन केली. कमला हॅरिस तिच्याच सदस्य. दक्षिण आशियाई मुलींच्या तीन सोरोरिटी 1998 या एकाच वर्षात निघाल्या: ह्यूस्टन, ऑस्टिन आणि न्यूयॉर्कला. टेक्सासमधल्या एखाद्या मराठी आईला मुलगी फोनवर सांगते, "आई, मी सोरोरिटीला जातेय," तेव्हा ती बहुधा अशाच एखाद्या गोल खुर्च्यांच्या खोलीत निघालेली असते. तिथे ना स्टेडियम, ना पाकीट.

(दृश्य: पुन्हा टस्कालूसा. वसतिगृहाची खोली, पलंगावर फोन.)

भरतीच्या आठवड्यात प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक ताई मिळते. तिला म्हणतात 'पाय काय'. मराठीत लिहिलं की हसू येतं, पण ही ग्रीक अक्षरं आहेत. स्वतः कुठल्या घराची, हे तिने त्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी लपवायचं असतं. एखाद्या मुलीला एकाही घराने बोलावलं नाही, तर ते सांगायचं काम बहुधा तिच्याच वाट्याला येतं. म्हणून सकाळी मुली फोनकडे बघत बसतात आणि तो वाजू नये असं मनात म्हणतात.

वाजला, तर पलीकडून कारण येत नाही. येतो एक प्रश्न: खुल्या भरतीसाठी तुझं नाव ठेवू का?