पिन निघंना

(दृश्य: माजलगाव–पाथरी रस्ता, सकाळ. वेल्डिंगच्या दुकानापुढं ट्रॅक्टर, मागं रिकामी ट्रॉली.)

माजलगाव धरणाचं पाणी जिथवर पोचलं, तिथवर ऊस पोचला. उसामागं ट्रॅक्टर आले, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. दिवाळीच्या आसपास, कारखान्यांचं गाळप सुरू व्हायच्या तोंडावर, या दुकानांपुढं रांग लागते ती त्यांचीच.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या पिनेबद्दल ड्रायव्हरची तक्रार एका वाक्याची: "मिस्त्री, पिन निघंना, आन् निघाली तर बसंना."

मिस्त्री हातोडा उचलत नाहीत. आधी ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायला सांगतात. मग ट्रॅक्टर बोटभर मागं घ्यायला लावतात. ओढ सुटते, पिन हलते. उतारावर उभी ट्रॉली पिनेला ताणून धरते. तो ताण असेपर्यंत कितीही ठोका, पिन वर येत नाही. बाकीचं दुखणं मात्र लोखंडातच आहे.

(दृश्य: पिन, अगदी जवळून.)

जिथं ट्रॉलीच्या दांड्याचं कडं घासतं तिथं पिनेला गळा पडलाय. वर ओढली की कड्याची कड त्याच खाचेत अडकते. आता खालचं टोक बघा. खालून हातोडा खाऊन खाऊन ते पसरलंय, भोकापेक्षा मोठं झालंय. पिन काढायला घातलेला प्रत्येक घाव तिला पुढच्या खेपेला आणखी अडकवत होता.

(दृश्य: डिझेल, तारेचा ब्रश, पेचकस.)

कड्यातून खरवडून निघतोय तो जुन्या ग्रीसचा आणि काळ्या रानाच्या चिखलाचा थर. तो गेल्यावर भोक दिसतं. गोल राहिलेलं नाही; ओढीच्या बाजूला झिजून लांबट झालंय. ट्रॅक्टरच्या हूकच्या दोन पट्ट्याही वाकल्यात, त्यामुळं वरचं आणि खालचं भोक एका रेषेत नाही. नुसती नवी पिन टाकून हे सुटलं नसतं. दुकानात विकायला असते ती मात्र बहुतेकदा नुसती पिनच.

मिस्त्री पट्ट्या गॅसनं लाल करून सरळ करतात. कड्याचं भोक घासून गोल करतात आणि आत बुश, म्हणजे लोखंडी नळीचा तुकडा, बसवतात. पुढं झिजायचं ते बुशनं झिजावं, कडं शाबूत राहावं.

(दृश्य: लेथ. हा भाग सलग चालू द्यावा.)

पिनेसाठी ईएन-८ पोलादाचा गज घेतलाय. बांधकामाच्या सळईचा तुकडा खुपसून हंगाम काढणारे कमी नाहीत. पण सळईची जागा सिमेंटात. पिन ३० मिलिमीटर, बुशचं भोक ३२. ही २ मिलिमीटरची मोकळीक मुद्दाम ठेवलीय: चारीतून, बांधावरून जाताना ट्रॉलीला मान हलवायला जागा लागते. खालच्या टोकाला दोन बोटं निमुळता उतार दिला, म्हणजे भोकं केसभर मागंपुढं असली तरी पिन वाट काढते. मग भट्टी. लाल झाली की पाणी द्यायचं, म्हणजे एकदम थंड करायची, पण तेलात. त्यानंतर पुन्हा जरा तापवायची. नाहीतर कडक होईल आणि ठिसूळही. अशी पिन करणाऱ्या हातांकडं कारागीर म्हणून कुणी बघत नाही.

दांड्याखाली स्क्रूचा जॅक लावला. उंची त्यानं जुळते, कुणाला दांडा हातात धरून मधे उभं राहावं लागत नाही. मधे उभं राहणाऱ्याची बोटं जातात, कधी जीवही. भरली ट्रॉली रस्त्यात सुटली तर मागून येणारा सापडतो. म्हणून साखळीही लावलीय.

(दृश्य: ट्रॅक्टर मागं येतो. पिन बसते. आवाज तसाच ठेवावा.)

पिन एका हातानं बसली, एका हातानं निघाली. शिवाय ती निसटू नये म्हणून खिट्टी.

मिस्त्री तेवढ्यावर थांबत नाहीत. दुसरी ट्रॉली पहिलीच्या मागच्या हूकला लागते. तिथलं भोक मोजलं, ३६ भरलं.

"मामा, ह्येबी करून घ्या. ३० ची पिन हितं खुळखुळंल."

"कारखान्याचं पहिलं बिल पडू द्या, मिस्त्री. मग बघू."

ड्रायव्हर जुनीच पिन मागच्या हूकमध्ये ठोकतो.