जळगावच्या केळ्याचं विलायती आडनाव

कोपऱ्यावरच्या गाडीवर जळगाव-रावेरकडची केळी येतात ना, बसराई म्हणा नाहीतर ग्रँड नैन, त्यांचं आडनाव कॅव्हेंडिश. आणि ते आडनाव ज्यांचं, त्यांचं घर म्हणजे इंग्लंडातलं, डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ.

घर आपलं म्हणायचं, आहे राजवाडाच. 1549 मध्ये बेस ऑफ हार्डविक या खमक्या बाईने नवऱ्याला, सर विल्यम कॅव्हेंडिशला, इथली जमीन घ्यायला लावली, 600 पौंडांत. बाईंची लग्नं एकूण चार. पुढे वंशजांनी 1688 च्या उलथापालथीत, म्हणजे राजा जेम्सला हटवून विल्यमला गादीवर बसवलं तेव्हा, बरोबर घोड्यावर पैसे लावले, 1694 ला ड्यूक ऑफ डेव्हनशायर (ड्यूक म्हणजे सरदारांतला सगळ्यात वरचा किताब) झाले आणि बेसबाईंचं घर पाडून हे बांधलं.

पण खरी मजा सहाव्या ड्यूकच्या काळातली. लग्न केलं नाही, सगळा जीव बागेत. 1826 ला त्याने जोसेफ पॅक्स्टन नावाचा 22 वर्षांचा पोरगा हेड माळी म्हणून ठेवला. पठ्ठ्या पहाटे साडेचारला पोचला, गेटवरून उडी मारून आत, सहाला माणसं कामाला लावली, मग हाउसकीपरकडे नाश्ता केला आणि तिथेच तिच्या भाचीच्या प्रेमात पडला, पुढे लग्नही तिच्याशीच, हा किस्सा त्यानेच सांगितलेला. याच पॅक्स्टनने मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप डर्बीशायरच्या थंडीत काचेखाली वाढवलं, फळं आणली, आणि जातीला मालकाचं नाव मिळालं. आता आपल्याकडचं प्रत्येक खोड इथूनच आलं असं अजिबात नाही हं, केळ मूळचं आपल्या आशियातलंच, बारसं तेवढं यांनी केलं.

मग पॅक्स्टनने 277 फूट लांब काचघर उभारलं, खाली आठ बॉयलर, आणि 1843 मध्ये व्हिक्टोरिया राणी त्यातून बग्गीत बसून फिरली. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं गारठून मेली, 1920 ला ते सुरुंग लावून उडवलं.

आणि 1950 ला दहावे ड्यूक लाकडं फोडता फोडता हार्ट अ‍ॅटॅकने गेले. इस्टेट आधीच मुलाच्या नावावर केलेली, पण वारसा टॅक्स वाचायला त्यांनी त्यानंतर पाच वर्षं जगायला हवं होतं, 14 आठवडे कमी पडले. 80 टक्के टॅक्स! जमिनी गेल्या, चित्रं गेली, आणि हार्डविक हॉलही सरकारला गेला, जो बेसबाईंनी म्हातारपणी स्वतःसाठी बांधला होता.