टाकीतला मका, वावरातली पऱ्हाटी

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरकरांना इथेनॉलचं नवल राहिलेलं नाही. इथेनॉलवर धावणारी हिरवी बस २०१४ साली आपण याच शहरात पाहिली. आता तर पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्येच २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ॲव्हरेज उतरलं म्हणून लोक कुरकुरतात. त्यात तथ्य आहे, कारण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच भरते. पण आज गाडीचं राहू द्या. हे इथेनॉल ज्या वावरातून येतं, त्या वावराचं बोलू.

एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. मोटारसायकलची १० लिटरची टाकी फुल्ल केली की त्यात दोन लिटर इथेनॉल, म्हणजे सव्वापाच किलो मका. तेच इथेनॉल उसाचं असेल तर? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात उसाच्या इथेनॉलला लिटरमागे २,८६० लिटर पाणी धरलं आहे. दोन लिटरला झालं ५,७०० लिटर. 

२०२३ साली पावसानं ओढ दिली, साखर कमी पडेल असं दिसू लागलं आणि डिसेंबरात केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं. कारखाने मक्याकडे वळले. एरवी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला. परदेशी तेलावरचं अवलंबन कमी करायला निघालो आणि मक्यासाठी बंदराकडे बघत बसलो!

आता विदर्भाला थेट चिमटा बसतो ती गोष्ट. मक्यातला स्टार्च इथेनॉलमध्ये गेला की मागे प्रथिनांचा चोथा उरतो. व्यापारी त्याला डीडीजीएस म्हणतात. कोंबड्यांच्या खाद्यात तो सोयापेंडेच्या जागी चालतो आणि पडतो स्वस्त. पेंड उठली नाही की तेल गिरणीवाला सोयाबीनला भाव देत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात कित्येकांनी त्याखालीच माल सोडला. सगळं खापर चोथ्यावर फोडता येणार नाही, त्या वर्षी जगभरच सोयाबीन उदंड होतं. पण मक्याचा भाव चढला म्हणून टाळ्या वाजवताना शेजारच्या धुऱ्यापलीकडचं सोयाबीनही मोजायला हवं.

या इंधनाला हिरवं म्हणतात, कारण ते जळताना निघणारा कार्बन पिकानं हवेतूनच घेतलेला असतो. बरोबर. मात्र मक्याला युरिया लागतो, आणि जमिनीत टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो. तापमान वाढवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी. म्हणून माझं मत असं: पावसाच्या भरवशावर खरिपात मका घ्या, कोणाची ना नाही. पण उन्हाळ्यात बोअर उपसून किंवा पेंच धरणाच्या पाण्यावर इंधनासाठी मका काढणं मला पटत नाही. त्याच पेंचवर या शहराचे नळ आहेत, कोराडी-खापरखेड्याची वीजही आहे.

मोगली एरंडाचं, म्हणजे जट्रोफाचं, नाव आठवतं? पडीक जमिनीवर डिझेल पिकेल म्हणून मोठा गाजावाजा झाला होता. पाणी-खत दिल्याशिवाय बी धरेना, आणि विषय मिटला.

मग इंधनासाठी राहते पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं. वेचणी संपली की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी वावरात उभी असते. गुलाबी बोंडअळी तिच्यातच मुक्काम करते, म्हणून फरदड, म्हणजे त्याच झाडांचं पुढचं लांबवलेलं पीक, न घेता ती वेळेवर काढा असं कृषी शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. बरेच जण ती उपटून धुऱ्यावर पेटवतात. तिच्या विटा, म्हणजे ब्रिकेट, करता येतात. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के जैवभार, म्हणजे शेतातला काडीकचरा, मिसळावा असं केंद्राचं २०२१ चं धोरणही आहे. इथे नवीन जमीन लागत नाही, वेगळं पाणी लागत नाही.

तरी ही पऱ्हाटी फुकटची समजू नका. गावातल्या मजूर बायांची चूल वर्षातले कित्येक महिने तिच्यावर पेटते. सगळी पऱ्हाटी गाडीत भरून गेली तर त्यांनी सरपण कुठून आणायचं? दुसरं, आपल्या काळ्या मातीतला सेंद्रिय कर्ब आधीच खालावला आहे. श्रेडर फिरवून थोडी पऱ्हाटी तिथेच कुजवली तर तो टिकतो. दरवर्षी सगळंच काढून नेलं तर तेवढं शेणखत बाहेरून आणावं लागेल, आणि आज शेणखताची ट्रॉली काय भावानं पडते ते तुम्ही मला सांगायला नको.

तेव्हा पऱ्हाटी घ्यायला कोणी आलं तर आधी काट्यावर वजन करायला लावा. ट्रॉलीच्या अंदाजावर सौदा करू नका. ओली आणि वाळलेली यांच्या भावातला फरक आधीच ठरवा. उपटणीची मजुरी कोणाकडे, हेही कागदावर घ्या. आणि एक पट्टा वावरातच ठेवायचा असेल, तर मशीन धुऱ्यावर यायच्या आधी सांगा.

नमस्कार.